बिनबेरीचं तूप

"हेमा, बेरीच न्हाई आली गं," अक्का म्हणाल्या.

मी शाळेच्या ऑफिसातून येऊन दारात चपला काढत होते. मे महिन्यातलं पुण्याचं ऊन, बसमध्ये उभं राहून सुजलेले पाय, आणि घरात पाऊल टाकायच्या आधीच सासूबाईंची ही बातमी. मी म्हटलं, "नसेल आली. चहा ठेवू का तुम्हाला?"

"अगं, डबाभर लोणी कढवलं! बेरी नको व्हय यायला? तळाला नुसतं काळं कायतरी चिकाटलं, चिमूटभर. मी आपली वाटीत साखर काढून ठिवली हुती."

लोणी कढवलं की पातेल्याच्या तळाशी जी तांबूस बेरी राहते, ती साखर घालून खाणं हा अक्कांचा हक्क होता. वयाच्या पंचाहत्तरीतही त्या त्यासाठी पातेलं कुणाला घासू देत नसत. त्यामुळे बेरी न येणं हा त्यांच्या लेखी अन्यायच.

"बरंच झालं की," मी म्हटलं. "तेवढं तूप जास्त निघालं."

"त्ये मातुर खरं. आन् रवाळ असं झालं म्हणतीस! दाणा न् दाणा मोकळा. एवढ्या वर्सांत माझ्या हातनं असं झालं न्हाई. वास जरा धुरकट येत हुता. म्हटलं, लोणी जुनं झालंय, म्हणून दोन विड्याची पानं टाकली."

लोणी जुनं झालंय हे मीच दुपारी ऑफिसातून फोन करून सांगितलं होतं. फ्रिज उघडला की वास यायला लागलाय, आज कढवून टाका, म्हणून. त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट अक्कांनी ओट्यावरच्या परातीवरचं फडकं उचललं, तेव्हा मला त्यांचं कौतुकच वाटलं. परातीत डिंकाचे लाडू होते, ओळीनं मांडलेले.

"ह्या उन्हात डिंकाचे लाडू?"

"बाळंतिणीला उन्हाळा-पावसाळा नसतुय. आज-उद्यावर आलीया पोर. तिची आई न्हाई येत, मग कुणी करायचं? सगळं तूप ह्येच्यातच घातलं बघ. डिंक कसा लाह्यावानी फुललाय."

'पोर' म्हणजे अझारा. आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहणारी. आफ्रिकेतल्या घाना देशाची, तिथल्याही उत्तरेकडची. इथं औषधशास्त्र शिकायला आली होती. दोन सत्रांमधल्या सुट्टीत गावी जाऊन आली ती दिवस राहूनच आली, आणि परीक्षेच्या नादात पुढे विमानात बसू देण्याची मुदत टळून गेली. नवरा तिकडे नोकरीत अडकलेला. आई यायची होती, पण तिची कागदपत्रं वेळेत झाली नाहीत. माझे हे तेव्हा होसूरला बदलीवर होते, त्यामुळे घरात आम्ही तिघीच. पहिल्या दिवशी अक्का तिला बघून देवघरात जाऊन बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी तिला पुढ्यात बसवून तिच्या वेण्या मोजत होत्या. तिसऱ्या दिवशी तिनं त्यांना 'अक्का' म्हटलं, आणि विषय संपला.

सोवळेपणा माझा होता. तो असा अंगात भिनलेला असतो की आपण स्वतःला आधुनिक समजत राहतो आणि नाक मुरडतही राहतो. एकदा अझारानं सुक्या मासळीच्या मसाल्याचा डबा आमच्या फ्रिजमध्ये ठेवला, तर मी असा काही तमाशा केला की बिचारी आठवडाभर जिन्यावरून पाय न वाजवता उतरायची.

मी चहासाठी दूध घ्यायला फ्रिज उघडला. खालच्या कप्प्यात आमचा लोण्याचा डबा होता. झाकण काढून बघितलं. लोणी होतं तसंच होतं, आंबट वास मारत.

वरचा कप्पा रिकामा होता.

"अक्का," मी म्हटलं, "तुम्ही कढवलं काय?"

"म्हणजे? लोणी. वरच्या कप्प्यातलं. मोठा डबा."

मोरीशेजारच्या पाटीत तो डबा घासूनपुसून पालथा घातला होता. आमचाच स्टीलचा डबा, बुडाला माझ्या सासऱ्यांचं नाव कोरलेला. तो मीच अझाराला दिला होता. एप्रिलमध्ये तिच्याबरोबरची एक मुलगी सुट्टीहून परतली, तिच्याकडे अझाराच्या आईनं शीयाच्या बियांचं तेल पाठवलं होतं. तेल म्हणायचं, पण ते तुपासारखं थिजलेलं असतं, पिवळट, लोण्यासारखा गोळा. वरची खोली स्लॅबखाली तापायची, तिथं ते वितळेल म्हणून तिनं भीत भीत विचारलं, "आँटी, फ्रिजमध्ये ठेवलं तर चालेल?" आणि मी मोठ्या मनानं म्हटलं, "ठेव, पण ते प्लॅस्टिक आणि तो वास माझ्या फ्रिजात नको. या डब्यात काढ." अक्का तेव्हा फलटणला माझ्या नणंदेकडे होत्या. त्या परत आल्यावर त्यांना सांगायचं माझ्या लक्षातही आलं नाही.

आणि ते कशासाठी होतं हे मला माहीत होतं. डब्यात काढताना अझारानं मला सगळं सांगितलं होतं. तिच्याकडे नातवंडाची पहिली आंघोळ आईची आई घालते. आधी अंगभर हे चोळायचं, मग टाळूवर, मग पाणी. त्या बिया रानातून वेचून आणायच्या, उकडायच्या, वाळवायच्या, फोडायच्या, भाजायच्या, दळायच्या, आणि मग बायका गोल बसून ते पीठ पाण्यात हातानं फेटतात, हात भरून येईपर्यंत, तेव्हा कुठं ते पांढरं वर येतं. "माझी आई येणार नाही," ती म्हणाली होती, "म्हणून तिनं तिचे हात पाठवलेत." मी डोळे पुसून तिला म्हटलं होतं, "काळजी करू नकोस, पहिली आंघोळ ह्यानंच घालू. माझा शब्द."

"सगळं संपलं?" मी विचारलं. "थोडंसुद्धा राहिलं नाही?"

"चमचाभर ऱ्हायलं हुतं वाटीत. आत्ताच दिवा लावला न्हवं त्याचा."

देवघर आमचं स्वयंपाकघरातच, कोपऱ्यात. निरांजन काठोकाठ भरलेलं, फुलवात नुकती पेटलेली. तिन्हीसांजा झाल्या होत्या. मी दोन ढांगांत तिथं पोचले, वाकले, आणि फुंकर मारणार तोच अक्कांनी माझं मनगट धरलं.

"अगं ए! येड लागलं काय तुला? द्येवाचा दिवा फुंकतीस? तिन्हीसांजेला? आन् घरात पोर अवघडलेली हाय!"

मग मी त्यांना सांगितलं. उभ्याउभ्याच सांगितलं. तो डबा कुणाचा, त्यात काय होतं, कशासाठी होतं. अक्का खाली बसल्या. जमिनीवरच, पाट न घेता. त्यांनी परातीकडे बघितलं, मग निरांजनाकडे.

"माज्या हातनं काय झालं गं बाई हे," त्या म्हणाल्या. आणि मग एकदम लहान आवाजात, "मग... इझवू का मी?"

चमचाभर होतं ते. निरांजन कोमट होतं, तूप अजून अर्ध्यावरही गेलं नव्हतं. तान्ह्या बाळाच्या एका आंघोळीला चमचाभर पुरलं असतं. हे मला तेव्हा कळत नव्हतं असं नाही, चांगलं कळत होतं. पण अक्कांनी ते शब्द उच्चारले होते, घरात पोर अवघडलेली आहे, आणि ते माझ्या डोक्यातून निघेनात. मी, जी शाळेतल्या बायकांना उपासतापासावरून चिडवायची, जी वर्तमानपत्रातलं राशिभविष्य मोठ्यानं वाचून हसायची, ती मी म्हणाले, "नको. राहू द्या."

आम्ही दोघी ते जळताना बघत राहिलो. फार वेळ जळलं. भाजलेल्या शेंगदाण्यांसारखा, चुलीच्या धुरासारखा एक वास सगळ्या घरात भरला.

तेवढ्यात अझारा दवाखान्यातून तपासणी करून आली. जिन्याकडे वळता वळता ती स्वयंपाकघराच्या दारात थांबली, एक हात कमरेवर, एक चौकटीला. तिनं खोल श्वास घेतला आणि हसली.

"आँटी, तुमच्या घराला आज माझ्या आईच्या घराचा वास येतोय."

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना इंग्रजी कळत नव्हतं, पण त्या मुलीचा चेहरा कळत होता.

"अक्कांनी लाडू केलेत तुझ्यासाठी," मी म्हणाले. "बाळ झाल्यावर खायचे."

तिनं तिथूनच अक्कांना हात जोडले. तिला ते नीट जमत नसे, बोटं एकमेकांत अडकायची. मग हळूहळू जिना चढून गेली. मी तेव्हाच तिच्या मागे जिना चढले असते तर ही गोष्ट तिथंच संपली असती.

"सांग तिला," अक्का म्हणाल्या.

"आत्ता? दिवस भरलेत तिचे. रडूनबिडून काही झालं म्हणजे?"

"मग मी सांगते."

"काय सांगणार? तुम्हाला कुठं इंग्रजी येतं!"

त्या वाक्याची मला आजही लाज वाटते, कारण ते त्यांना गप्प करायलाच म्हटलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकून बोहरी आळीत गेले. घरी साबण आणि क्रीम बनवणाऱ्यांना कच्चा माल विकणारं एक दुकान कुणीतरी सांगितलं होतं. "शीया बटर आहे का?" म्हटलं, तर दुकानदारानं लगेच पुडा काढून दिला. पांढरंशुभ्र. नाकाला लावून बघितलं, तर कसलाच वास नाही.

"ह्याला वास का नाही हो?"

"मॅडम, शुद्ध केलेलं आहे. वास काढून टाकतात. लोकांना वास नको असतो."

"पिवळं नाही का? धुराचा वास येणारं?"

"तसं कोण घेतंय?" तो म्हणाला.

मी ते घेतलं. घरी आणून सासऱ्यांच्या नावाच्या डब्यात थापलं, वर चमच्यानं थोडं ओबडधोबड केलं, आणि फ्रिजच्या वरच्या कप्प्यात होतं तिथं ठेवून दिलं. अक्का ओट्याशी भाजी निवडत होत्या. त्यांनी सगळं बघितलं आणि पुन्हा भाजीत मान घातली. त्या दिवसापासून त्यांनी माझ्याशी बोलणंच कमी केलं. "जेवायला वाढलंय", "दूध उतू गेलं", एवढंच. अझारा खाली आली की मात्र तिच्या पायांना कोमट पाण्यानं शेक देत बसायच्या, आणि मी समोरून गेले की खाली मान घालायच्या. चूक त्यांच्या नजरेची होती, आणि ती त्यांना खात होती. मी मात्र स्वतःची समजूत घालत होते. वस्तू तीच तर आहे. शीयाच आहे. बाळाला काय कळणार? अझारा बाळंतपणाच्या गडबडीत कुठं वास घेत बसणार? असं म्हणायचे, आणि मग ऑफिसात दाखल्यांवर नावं लिहिता लिहिता पेन थांबायचं, कारण ते निरांजन डोळ्यांपुढे यायचं. सारखं तेच. विझवू का म्हणून विचारणाऱ्या अक्का, आणि नको म्हणणारी मी.

मुलगी झाली. धडधाकट, डोक्यावर दाट केस, आवाज असा की वॉर्डातल्या सगळ्या बायका उठून बसल्या. अझारानं नर्सला बजावून सांगितलं की बाळाला नुसतं पुसून घ्या, आंघोळ घरी घालायची आहे. कागदावर नातेवाईक म्हणून सही मीच केली. "नातं काय?" विचारल्यावर अझारा पटकन म्हणाली, "आँटी." मला त्या क्षणी तिथून पळून जावंसं वाटलं.

घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली आंघोळ ठरली. खालच्या खोलीत अझाराची खाट टाकली होती. अक्कांनी बंबात पाणी तापवलं, खिडक्या लावल्या, पाटावर बसून पाय लांब पसरले आणि नऊवारी गुडघ्यांच्या वर घेतली. फलटणकडच्या निम्म्या पोरांना त्यांनी अशीच पायांवर घेऊन न्हाऊ घातलं होतं. बाळाला मी त्यांच्या नडग्यांवर पालथं ठेवलं.

"आँटी," अझारा खाटेवरून म्हणाली, "माझा डबा."

मी डबा आणून तिच्या हातात दिला. तिनं झाकण काढलं. आत बघितलं. मग तर्जनीनं थोडं घेऊन मनगटावर चोळलं आणि मनगट नाकाशी नेलं. पुन्हा एकदा नेलं.

"हे काय आहे?"

"फ्रिजमध्ये होतं ना इतके दिवस," मी म्हणाले. "पांढरं पडलं असेल. वासही उडाला असेल."

"आँटी."

एवढंच म्हणाली ती. मी पुढे काहीतरी बोलायला तोंड उघडलं. काय बोलणार होते देव जाणे. आणखी एखादं खोटंच बोलले असते. पण अक्कांनी बाळाला पुन्हा माझ्या हातात दिलं, गुडघ्यावर हात टेकत उठल्या, आत गेल्या आणि लाडवांचा डबा घेऊन आल्या. तो त्यांनी अझाराच्या मांडीवर ठेवला. मग स्टीलच्या डब्याला हात लावला, छातीवर हात ठेवला. म्हणजे मी. हातानं शेगडी दाखवली, ढवळून दाखवलं. लाडवांकडे बोट केलं. मग स्वयंपाकघरातल्या देवघराकडे बोट केलं आणि बोटांनी ज्योत करून दाखवली. मग हात उघडे केले. संपलं.

माझं इंग्रजी तिथं कुणालाच लागलं नाही.

अझारानं लाडवाचा डबा उघडून वास घेतला.

"त्या दिवशीचा वास," ती म्हणाली.

"हो."

"तुम्ही म्हणालात, लाडू केलेत."

"हो."

"सगळं? थोडंसुद्धा उरलं नव्हतं? बोटभर?"

मी काय सांगायचं? उरलं होतं, माझ्यासमोर जळत होतं, विझवायला फुंकर पुरली असती, आणि मी नको म्हणाले, तुझ्याच भल्यासाठी नको म्हणाले? हे तिला कुठल्या भाषेत सांगायचं?

"नाही," मी म्हणाले.

बाळ उघडं होतं, ते रडायला लागलं. अझारानं डोळे पुसले नाहीत. भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाली, "तिला गार लागेल. तुमचं तेल लावा."

अक्कांनी खोबरेल लावलं. एरवी पोरांना न्हाऊ घालताना गुणगुणायच्या, तसं गाणं गुणगुणल्या नाहीत. हातपाय चोळले, पाठ चोळली, टाळू भरली. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते खांद्याला टिपत होत्या. पाणी घातलं, पुसलं, धुरी दिली, दुपट्यात गुंडाळलं आणि बाळ आईच्या कुशीत ठेवलं. बाळ लगेच झोपलं.

आणि फोन वाजला.

अझाराची आई रोजच फोन करायची, पण आज पहिली आंघोळ आहे हे तिला माहीत होतं. अझारानं फोन हातात घेतला, पण लगेच उचलला नाही. आमच्याकडे वळून म्हणाली, "माझ्या आईला सांगायचं नाही. तुम्ही मला सांगितलं नाही ना? तसंच तिलाही नाही सांगायचं."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

फोन स्पीकरवर होता. पलीकडून मोठा, खणखणीत, बाजारात बसणाऱ्या बाईचा आवाज आला. मायलेकी त्यांच्या भाषेत बोलल्या. आई बरंच बोलत होती, लेक थोडं. एक शब्द सारखा येत होता, आणि तो आला की अझारा बाळाच्या डोक्याकडे बघत होती. मग ती अक्कांना म्हणाली, "अक्का, माय मदर," आणि फोन त्यांच्यापुढे धरला.

अक्कांनी पदर सावरला, जणू बाई समोर उभी आहे. आणि फोनकडे तोंड करून बोलायला लागल्या, "इहीणबाई, मी अक्का बोलतीया. तुमचं तूप मी जाळलं वो. माज्या हातनं झालं. मला ठावं न्हवतं, पर झालं. तुमी एवढी हाडं झिजवून, बिया फोडून पाठवलं, आन् मी ते शेगडीवर चढवलं. लेकराच्या अंगाला थेंब न्हाई लागला. मला माफी करा. तुमची लेक माझी लेक हाय, तिला कधी अंतर देणार न्हाई."

पलीकडे ती बाई हसली, मोकळी, खुशीत. त्यांच्या भाषेत तीही लांबलचक बोलली. सूर आशीर्वादाचा होता. अक्का "व्हय, व्हय" म्हणत मान डोलावत राहिल्या. अझारानं दोन्हीकडचं काहीच कुणाला सांगितलं नाही. पण अक्कांचा चेहरा असा हलका झाला, जसा कितीतरी दिवसांत झाला नव्हता. त्यांनी सांगून टाकलं होतं. समजलं की नाही, तो त्यांचा प्रश्न नव्हता.

मग ती बाई इंग्रजीत म्हणाली, "मॅडम? मॅडम इज देअर?"

अझारानं फोन माझ्याकडे केला. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"येस," मी म्हणाले.

तिचं इंग्रजी बाजारातलं, तोडकं होतं. पण पुरेसं होतं. तिनं विचारलं, "मॅडम, माझं तेल. बाळाला लावलं?"

मला इंग्रजी येत होतं. अक्कांसारखं मराठीत रडून मोकळं होण्याची सोय मला नव्हती. मी जे बोलेन ते तिला कळणार होतं.

"येस," मी म्हणाले.

"डोक्यालाही? मधोमध, जिथं मऊ असतं?"

"येस. डोक्यालाही."

"छान," ती म्हणाली. मोठा सुस्कारा ऐकू आला. कुणीतरी दिवसभराचं ओझं डोक्यावरून उतरवावं, तसा. "आता तिला माझा हात कळला. थँक यू, मॅडम. गॉड ब्लेस यू. थोडं तुमच्या हातांनाही लावा. कामाचे हात फुटतात."

फोन बंद झाला. मी तो खाटेवर ठेवला. माझे हात खरंच फुटलेले होते. ते मी पदराखाली घेतले.

अझारानं लाडवांचा डबा पुढ्यात ओढला आणि एक लाडू उचलला. हळूहळू खाल्ला, डोळे मिटून, प्रत्येक घास तोंडात घोळवत. उकाड्यानं तूप सुटलं होतं, तिचा तळवा त्यानं चकचकीत झाला. तिनं तो तळवा बघितला. मग बाळाच्या डोक्यावरचं दुपटं मागे सारलं आणि तो टाळूवर ठेवला. ठेवून राहिली.

"अगं, खोबऱ्याचा चुरा लागंल लेकराला," अक्का म्हणाल्या, आणि वाकून एकेक कण टिपायला लागल्या.

अझारानं दुसरा लाडू घेऊन फोडला. अर्धा स्वतःला ठेवला, अर्धा अक्कांच्या हातावर ठेवला. मला दिला नाही, आणि मीही मागितला नाही. मी तो पांढऱ्या शीयाचा डबा उचलला, मोरीत नेला आणि गरम पाणी घालून घासायला बसले.